पाऊलवाटा – भाग ७ : तिथी, वारा आणि सात दिवस

मार्टिन्स हेवनच्या उतारावर आम्ही सकाळी साडेआठला हजर होतो. लख्ख ऊन, आकाशात ढगाचा ठिपका नाही, समोर हात लांबवला तर लागेल असं स्कोमर बेट. होडी मात्र नव्हती. बायको म्हणाली, "अहो, समुद्र तर ताटात ओतल्यासारखा आहे. मग बंद का?" तिथल्या मुलीने उत्तरेकडे बोट दाखवलं. वारा उत्तरेचा होता. बेटावर उतरायची जागा उत्तरेकडे तोंड करून आहे. आपल्याला इकडून दिसतही नाही एवढी लाट तिथल्या पायऱ्यांवर आपटत असते आणि होडीतून पाय टाकणं धोक्याचं होतं. "उद्या या," ती म्हणाली. उद्या आमची परतीची गाडी होती.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात हे आपल्याला पाठ असतं. म्हणून जुलैत मालवणच्या धक्क्यावर जाऊन कोणी रुसत नाही. इथे मात्र आम्ही आठवडाभर भटकून आठवड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटच्या दिवशी ठेवली होती, गोड शेवटी खावं तशी. चूक सर्वस्वी आमची. आजचा भाग त्या चुकीतून निघाला आहे.

गेल्या आठवड्यात वेल्सच्या नैर्ऋत्य टोकावरचा पेम्ब्रोकशायर कोस्ट हा भाग का निवडायचा ते लिहिलं होतं. त्यावर डोंबिवलीहून एका बाईंचं पत्र आलं. त्या आणि त्यांचे यजमान मे-जूनमध्ये लेकीकडे इंग्लंडला जातात, सहा आठवड्यांपैकी एक आठवडा मोकळा काढता येईल, गुडघे बरे आहेत, काय करावं? ही अडचण एकट्या त्यांची नाही. नातवंडांच्या ओढीने उन्हाळ्यात तिकडे जाणारे आजी-आजोबा हा आता मराठी मध्यमवर्गातला मोठा प्रवासी वर्ग आहे. आणि योगायोग असा, की नेमका तोच काळ त्या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांचा असतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबाचं फाटक येतं: ओळखपत्र, जिप्सी, गाइड, ठरलेली वेळ. पेम्ब्रोकशायरला फाटकच नाही. १९५२ साली हे उद्यान जाहीर झालं, आणि ब्रिटनमध्ये मुख्यतः किनाऱ्यासाठी म्हणून घोषित झालेलं हे एकच. पण आत गावं आहेत, शेतं आहेत, गाई चरतात, माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. जमीन बहुतांश खासगी मालकीची. तिकीट काढायचं नाही, परवाना घ्यायचा नाही. कड्याच्या काठाने जाणारी पायवाट सगळ्यांसाठी उघडी. ही वाट २९९ किलोमीटरची आहे, १९७० साली खुली झाली. तिची आखणी करणाऱ्यांत रोनाल्ड लॉक्ली हा पक्षीवेडा माणूस होता. त्याने आधी स्कोकहोम नावाच्या शेजारच्या बेटावर संसार थाटला होता आणि १९३३ साली तिथेच ब्रिटनमधलं पहिलं पक्षी-निरीक्षण केंद्र सुरू केलं. म्हणजे ही वाट मुळातच पक्षी पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी आखलेली आहे. चालताना ते कळतं. वाट सोयीने आत वळायला हवी तिथे ती हट्टाने कड्याच्या टोकापर्यंत जाते.

तेव्हा आधी आरक्षण करायचं ते दोनच गोष्टींचं: झोपायची जागा आणि स्कोमरची होडी. बाकी सगळं आयत्या वेळी जमतं.

आता कधी जायचं. वेळासला कासवाची पिल्लं घरट्यातून कधी बाहेर येणार हे कासव ठरवतं, आपली रजा नाही. तोच नियम. पफिन हा पक्षी समुद्रावरून मार्चअखेर-एप्रिलमध्ये बेटावर येतो, बिळात एकच अंडं घालतो आणि जुलै संपता संपता निघून जातो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यानंतर गेलात तर बिळं दिसतील. करड्या सीलची पिल्लं याच्या उलट: ती ऑगस्टअखेरीपासून जन्मायला लागतात, खरा बहर सप्टेंबर-ऑक्टोबरात. दोन्ही एका आठवड्यात पाहायला मिळतील असं कोणी सांगितलं तर त्याच्याकडून जागा घेऊ नका, फ्लॅटसुद्धा. ऑगस्ट मधला: पक्षी गेलेले, पिल्लं नीट आलेली नाहीत, आणि ब्रिटनभरच्या शाळांना सुट्टी असल्याने खोल्यांचे दर शिगेला. डोंबिवलीच्या बाईंना मी जूनचा मध्य ते जुलैचा पहिला आठवडा सांगेन. तेव्हा पफिनची पिल्लं बिळात असतात आणि आईबाप चोचीत आडव्या माशांची रांग धरून ये-जा करतात. तुम्ही छायाचित्रात पाहिलेलं ते दृश्य याच दिवसांतलं.

स्कोमरवर जरा थांबू, कारण सगळा आठवडा त्याच्याभोवती फिरतो. बेट जेमतेम तीन चौरस किलोमीटरचं. होडी सोडते तिथून ८७ पायऱ्या चढाव्या लागतात. गुडघ्यांची परीक्षा तिथेच, त्यानंतर बेटाचा माथा आपल्या कोकणातल्या सड्यासारखा सपाट आहे. पावसाळी सडा नव्हे, फुलांचा. मे महिन्यात ब्लूबेलची निळाई आणि कॅम्पिअनचा गुलाबी रंग. पफिन तुमच्या कल्पनेपेक्षा लहान निघतो, वीत-सव्वा वीत उंच. गेल्या काही वर्षांच्या मोजणीत त्यांची संख्या ४०,००० च्या वर गेली आहे. तुम्ही वाटेवर गप्प उभे राहिलात तर तो पायांमधून वाट काढत आपल्या बिळाकडे जातो. पण वाट सोडायची नाही, एक पाऊलसुद्धा. जमीन आतून पोखरलेली आहे. सशांची जुनी बिळं, पक्ष्यांची बिळं, एकात एक. गवतावर ठेवलेला पाय थेट कुणाच्या तरी घरात जातो.

पफिन हे त्या बेटाचं प्रसिद्ध तोंड. खरा मालक दुसराच आहे. मँक्स शिअरवॉटर या काळ्या-पांढऱ्या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ३,५०,००० जोड्या स्कोमरवर घरटी करतात. जगातली ही सगळ्यात मोठी वसाहत. आणि दिवसा तुम्हाला त्यातला एकही दिसत नाही. निम्मे बिळात, निम्मे दूर समुद्रावर. त्याचे पाय शरीराच्या इतके मागे असतात, की जमिनीवर तो धड चालू शकत नाही, पोटावर सरपटतो. मोठे गल टपून बसलेले असतात. म्हणून तो अंधार पडल्यावरच उतरतो, आणि चांदण्या रात्री तर उतरायलाच कचरतो. हिवाळ्यात हाच पक्षी अटलांटिक ओलांडून ब्राझील-अर्जेंटिनाच्या समुद्रावर जातो. १९५२ सालीच, म्हणजे उद्यान जाहीर झालं त्याच वर्षी, स्कोकहोमवरचा एक पक्षी विमानाने अमेरिकेत बॉस्टनला नेऊन सोडला होता. साडेबारा दिवसांत तो पाच हजार किलोमीटर पार करून आपल्या बिळात परत आला.

बेटावर जुन्या शेतघरात मोजक्या लोकांची रात्रीची सोय होते. तिचं आरक्षण उघडलं की काही वेळात संपतं. मिळालं तर अमावास्येच्या आसपासची रात्र मागा.

बेटावर दुकान नाही, पाणी विकत मिळत नाही, कुत्रं नेता येत नाही. होडीत चढण्याआधी पिशव्या तपासायला सांगतात आणि बूट पुसून घ्यायला लावतात. याचा कंटाळा करू नका. बूट पक्ष्यांच्या तापामुळे. जवळच्या ग्रासहोम बेटावरची गॅनेटची प्रचंड वसाहत २०२२ च्या साथीनंतर वर्षभरात निम्म्यावर आली. पिशव्या उंदरांमुळे. स्कोमरवर घुशी-उंदीर कधी पोचलेच नाहीत, म्हणून बिळातली अंडी वाचली. पलीकडच्या रॅमसे बेटावर जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी शतकभर धुमाकूळ घातला होता. १९९९-२००० च्या हिवाळ्यात ते संपवले, आणि शिअरवॉटरच्या शेकड्यांतल्या जोड्या पुढे हजारांत गेल्या. एका सँडविचच्या पिशवीतून गेलेली एक गाभण उंदरीण हे सगळं उलटवू शकते.

होडीबद्दल एवढं ध्यानात ठेवा: सोमवारी ती सहसा नसते, तिकडची सरकारी सुट्टी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आठवडा शनिवारी सुरू केला तर आरक्षण मंगळवारचं करावं आणि बुधवार-गुरुवार मोकळे ठेवावेत. वारा फिरला तर दोन दिवस हाताशी राहतात. आम्ही पुढच्या वर्षी नेमकं हेच केलं.

आता भरती-ओहोटी. या प्रकरणावर तिकडची माहितीपुस्तकं पानंच्या पानं खर्च करतात, आणि कोकणातला माणूस ती दोन मिनिटांत समजून घेतो. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती जाणार असली की वर्तमानपत्रात बातमी येते. मिलफर्ड हेवनच्या खाडीत उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्यातला नुसता फरकच सहा मीटरच्या वर असतो. दुमजली घर बुडावं इतकं पाणी सहा तासांत चढतं आणि सहा तासांत उतरतं. सकाळी जिथे फर्लांगभर रुंद पुळण होती तिथे दुपारी कड्याला लाटा धडकतात. मार्लोस सँड्ससारख्या सुंदर किनाऱ्यावर माणसं अडकतात ती याच कारणाने: खडकाला वळसा घालून पुढच्या पुळणीत जातात, फोटो काढत बसतात, आणि मागे वळून पाहतात तर खडकाच्या टोकाशी गळ्याइतकं पाणी.

वाटेवर दोन ठिकाणी तर खाडी पायी ओलांडावी लागते, सँडी हेवन आणि डेलजवळचं गॅन. ओहोटी असली की दगडांवरून, फळ्यांवरून पाच मिनिटांत पलीकडे. सँडी हेवनला पूर्ण ओहोटीच्या अलीकडे-पलीकडे अडीच तास मिळतात. ती वेळ चुकली तर डांबरी रस्त्याने कित्येक किलोमीटरचा वळसा, आणि तो वळसा रटाळ आहे.

आपल्याकडचे कोळी भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता मुंबईला पूर्ण भरती. मी सहज गंमत म्हणून हा हिशेब पेम्ब्रोकशायरच्या कोष्टकाशी ताडून पाहिला. तिथे चक्र साधारण सहा तासांनी सरकलेलं आहे, आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात. म्हणजे तिथीची पाऊणपट करून त्यात एक मिळवला की मिलफर्ड हेवनच्या बाजूला भरती नव्हे, ओहोटीची वेळ निघते. चतुर्थीला चारच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेच्या जवळ दुपारी बारा ते दोन. खाडी ओलांडायला यासारखी सोयीची वेळ नाही: सकाळी न्याहारी करून निघायचं, दुपारी पलीकडे. याउलट अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि भर दुपारी खाडी भरलेली. हा हिशेब घरी बसून आठवडा निवडण्यापुरता. तिकडे गेल्यावर गावातल्या कुठल्याही दुकानात भरतीच्या वेळांची छोटी पुस्तिका मिळते. ती घ्यावी आणि तिच्यावरच विश्वास ठेवावा. वारा जोराचा असला की समुद्र तिथीलाही जुमानत नाही.

म्हणजे अमावास्येचा आठवडा मिळाला तर दुपारची ओहोटी आणि रात्रीचे शिअरवॉटर, दोन्ही साधतात. मुहूर्त काढून सहलीला जाणाऱ्यांना मी आजवर हसत आलो होतो.

मुक्काम दोनच ठेवा. रोज बिछाना बदलणारे लोक रोज सामान बांधतात, आणि साठीनंतर त्यात सहलीचा जीव जातो. पहिल्या चार रात्री मार्लोस किंवा डेल, नंतरच्या तीन सेंट डेव्हिड्स. लंडनच्या पॅडिंग्टनहून स्वान्सीमार्गे हॅवरफर्डवेस्टपर्यंत आगगाडी, बदल धरून पाचेक तास, तिथून पुढे बस किंवा टॅक्सी.

चालण्याचं गणित वेगळं करावं लागतं. नकाशावर वाट किनाऱ्यालगत, म्हणजे सपाट असणार असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक ओढ्यापाशी ती समुद्रपातळीपर्यंत उतरते आणि लगेच चढते. २९९ किलोमीटरमधला सगळा चढ एकत्र केला तर दहा हजार मीटरच्या वर भरतो. पंधरा किलोमीटरच्या दिवसाला म्हणजे पाचशे मीटरच्या वर, आतकरवाडीतून सिंहगड चढण्याच्या जवळपास, फक्त तुकड्यातुकड्यांत. रविवारी पहाटे सिंहगड करणाऱ्यांना हे जड नाही. पण पुण्यात तुम्ही गडावर भजी खाऊन उतरता आणि सोमवारी ऑफिसात असता. इथे दुसऱ्या दिवशी परत तेच आहे. सलग दोन लांब दिवस ठेवू नका.

आणि बसने जाऊन पायी परत या, पायी जाऊन बसने नव्हे. उन्हाळ्यात किनाऱ्याच्या गावांना जोडणाऱ्या छोट्या बस धावतात. मार्लोस ते सेंट डेव्हिड्स मार्गावरच्या बसचं नावच पफिन शटल आहे. थांबा नसलेल्या आडबाजूच्या रस्त्यावर हात दाखवला तरी थांबतात, आपल्या लाल डब्यासारख्या. सकाळी बसने लांबच्या टोकाला उतरायचं आणि चालत आपल्या खोलीकडे यायचं. मग संध्याकाळी शेवटची बस चुकेल ही धास्ती नाही, कड्यावर हवं तेवढं बसता येतं. जूनमध्ये सूर्य साडेनऊनंतर मावळतो. बसच्या वेळा आदल्या रात्री बघाव्यात, उन्हाळ्याचं आणि इतर महिन्यांचं वेळापत्रक वेगळं असतं.

बसच्या खिडकीतून रस्त्यावर पांढऱ्या रंगात जागोजागी एक शब्द रंगवलेला दिसेल. वेल्श भाषेत त्याचा अर्थ 'सावकाश', आणि उच्चार 'आरव'. पुण्यातल्या शाळेच्या प्रत्येक वर्गात दोन तरी आरव असतात. आमच्याबरोबर आलेल्या भाच्याच्या मुलाचं नाव तेच, त्याला आठवडाभर हा विनोद पुरला.

सेंट डेव्हिड्सबद्दल थोडक्यात: वस्ती दोन हजारांच्या आत, तरी कॅथीड्रलमुळे दर्जा शहराचा, ब्रिटनमधलं सगळ्यात छोटं शहर. कॅथीड्रल खळग्यात बांधलेलं आहे, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तिथून तीन वाटा करण्यासारख्या. सॉल्व्हाहून परत येणारी आठ-नऊ किलोमीटरची, सोपी. पोर्थगेनहून व्हाइटसँड्सपर्यंतची पंधराच्या आसपास, दमवणारी आणि सगळ्यात देखणी: वाटेत पाटीच्या दगडाची जुनी खाण समुद्राने भरून झालेलं गडद निळं तळं लागतं, आणि कड्यांवर लाल चोचीचे, लाल पायांचे चफ कावळे वाऱ्यावर कोलांट्या मारताना दिसतात. तिसरी उत्तरेला स्ट्रम्बल हेडची. तिथे चालायचं कमी, बसायचं जास्त. दुसऱ्या महायुद्धातली टेहळणीची एक चौकी आता देवमाशाच्या छोट्या भावंडांसाठी, म्हणजे पॉरपॉइजसाठी वापरतात. प्रवाह जिथे खळाळतो तिथे दुर्बीण लावून अर्धा तास न हलता बसलात तर काळी पाठ वर येतेच.

सप्टेंबरात जाणाऱ्यांसाठी सीलची एक गोष्ट. पांढऱ्या लोकरीचं पिल्लू पुळणीवर एकटं पडलेलं दिसतं, मोठ्या डोळ्यांनी बघतं, रडतं. आपल्या पोटात कालवाकालव होते. ते बेवारस नसतं. आई पाण्यात असते आणि आपण हटायची वाट बघते. तीनेक आठवडे ती दाट दूध पाजते आणि मग खरोखरच सोडून जाते. त्या तीन आठवड्यांतलं एक पाजणं आपल्या कळवळ्याने चुकलं तर पिल्लाचं वजन कमी पडतं. वरून, कड्यावरून पाहावं, खाली उतरू नये.

सामानात भारी काही नको. वारा अडवणारं जाकीट जूनमध्येही, घोट्याला धरणारे बूट, दुर्बीण, आणि गवतातल्या गोचिडांसाठी लांब पँट. लेकीच्या घरून चार दिवसांच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. खेड्यातल्या पबमध्ये शाकाहारी माणसाला मिळतं, पण रोज तेच मिळतं.

दुसऱ्या वर्षी मंगळवारी होडी निघाली. त्यामुळे आमचा बुधवार रिकामा राहिला, कागदावर त्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. दुपारभर झोपलो. संध्याकाळी दशम्या बांधून मार्टिन्स हेवनच्या वरच्या टोकावर गेलो. त्याला डिअर पार्क म्हणतात, नावात हरीण आहे, जागेवर एकही नाही. साडेनऊ वाजले होते, उजेड अजून होता. समोरच्या सामुद्रधुनीत पाण्यावर एक काळा डाग होता, तेल सांडल्यासारखा. बायकोने दुर्बीण लावली आणि माझ्या हातात दिली. तो डाग हलत होता. हजारो शिअरवॉटर पाण्यावर बसून होते, अंधार पडायची वाट बघत. मधूनच शंभर-दोनशे उठत, लाटेला पंखाचं टोक लावत एक फेरी मारत आणि परत बसत. चंद्र त्या रात्री उशिरा उगवणार होता.

(पुढच्या आठवड्यात : कड्यावरच्या वाटेसाठी नकाशा कसा वाचावा)